सावित्रीमाईचं नाव, दिवसाला ७५ रुपये

पोरांचे हाल होतात असं आपण बोललो की उत्तर ठरलेलं. "रस्त्यावर होती, निदान छप्पर तरी मिळालं!" हे मी कचेरीत ऐकलंय, संस्थाचालकाच्या तोंडून ऐकलंय, आपल्यातल्याच एका शिकल्यासवरल्या साहेबाकडूनही ऐकलंय. सगळी जात या एका वाक्यात मांडी घालून बसलीय. त्यांच्या पोराला दूध कमी पडलं तर ती तक्रार. आपल्या पोराला पडलं तर तोंड उघडणं म्हणजे कृतघ्नपणा.

छप्पर मुजफ्फरपूरच्या बालिकागृहालाही होतं. अनुदान होतं, बोर्ड होता. २०१८ साली टाटा समाजविज्ञान संस्थेचा अहवाल आला तेव्हा आतलं नरक बाहेर आलं. २०२० साली दिल्लीच्या कोर्टानं १९ जण दोषी ठरवले. त्यात बालकल्याण समितीवरची माणसंही होती. म्हणजे पोरींनी गाऱ्हाणं न्यायचं तरी कुणाकडं?

२०१५ चा बालन्याय कायदा सांगतो, संस्था हा शेवटचा उपाय. आधी घर. नात्यातलं, नाहीतर संगोपन करणाऱ्या दुसऱ्या कुटुंबाचं. महाराष्ट्रात त्यासाठी बालसंगोपन योजना आहे. २०२३ साली तिला सावित्रीबाईंचं नाव दिलं आणि महिन्याचे ११०० होते ते २२५० केले. करा भागाकार. दिवसाला ७५ रुपये. यात पोरानं जेवायचं, शिकायचं, आजारी पडायचं. केंद्राच्या मिशन वात्सल्यनं २०२२ सालीच घरी राहणाऱ्या पोरासाठी महिना ४००० धरले होते. तेव्हा आकडा कुणाला ठाऊक नव्हता असं नाही.

आणि नाव कुणाचं घेतलंय? १८६३ साली पुण्यात जोतिरावांबरोबर बालहत्या प्रतिबंधक गृह काढणाऱ्या बाईचं. एका ब्राह्मण विधवेचं पोर तिनं पदरात घेतलं. त्याला नुसतं जगवलं नाही, डॉक्टर केलं. तो यशवंत. १८९७ च्या प्लेगात मायलेकरं दोघं रोग्यांसाठी राबली, माई त्यातच गेली. फुल्यांच्या घरात संगोपनाचं माप हे होतं.

आता कचेरीतलं माप बघा. नातवाला सांभाळणाऱ्या एका म्हातारीसोबत मी गेलो होतो. उत्पन्नाचा दाखला, मृत्यूचा दाखला, शाळेचा दाखला, पासबुक. मग घरभेट. पत्र्याची खोली बघून शेरा पडला, जागा अपुरी. अरे, २०१६ च्या नियमांत बालगृहातल्या झोपायच्या खोलीत २५ पोरांना हजार चौरस फूट, म्हणजे पोरामागं ४० फूट लिहिलेत. ते तरी टेप घेऊन कुणी मोजलेत? म्हातारीची भांडी मात्र मोजतात.

घरातही पोराला राबवतात, मारतात, हे मला दिसत नाही असं नाही. आपल्या वस्तीतही दिसतं. म्हणून तर तपासणी दोन्हीकडं हवी, आणि पोराला एकट्याला बाजूला घेऊन विचारणारी हवी. चालकाच्या खुर्चीसमोर चहा पीत झालेली नको.

कार्यकर्त्यांनो, मोर्चा काढूच. त्याआधी एक काम करा. कायद्याच्या कलम ५४ प्रमाणं तपासणी समितीनं दर तीन महिन्यांत एकदा तरी प्रत्येक संस्थेत जायचं असतं. किमान तिघं, त्यात एक बाई, एक डॉक्टर. आपापल्या जिल्ह्यात माहिती अधिकाराचा अर्ज टाका. गेल्या दोन वर्षांतल्या भेटींच्या तारखा, सह्या, अहवालाच्या नकला मागा. डॉक्टरची सही आहे का, ते पहिलं बघा.