सिपरसाठी वीस दिवस

1980च्या दशकाच्या अखेरीस वसईच्या वाड्या आणि बावखले बिल्डरांच्या डोळ्यांत भरली, विहिरींवर टँकर येऊ लागले, तेव्हा ‘सुवार्ता’चे संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसई संरक्षण समितीतर्फे रस्त्यावर उतरले. त्या काळात काही नावे घेताना माणसे आवाज खाली करत, हे जुन्या भुईगावकरांना सांगायला नको. पाद्र्याने देऊळ सांभाळावे, असे म्हणणारे आपल्यातलेही होते. पण ती दहशत गुंडांची होती. तिच्याविरुद्ध सरकारकडे दाद मागता येईल, एवढी आशा तरी होती.

फादर स्टॅन स्वामींना तीही उरली नाही. झारखंडमध्ये वर्षानुवर्षे कच्च्या कैदेत पडलेल्या आदिवासी तरुणांची माहिती ते गोळा करत. 8 ऑक्टोबर 2020 रोजी एल्गार परिषद प्रकरणात एनआयएने त्यांना रांचीत अटक केली. रवानगी तळोजा तुरुंगात. वय 83, पार्किन्सनने हात थरथरत. पेला धरता येईना, म्हणून त्यांनी आपला स्ट्रॉ आणि सिपर परत मागितला. एनआयएने उत्तर द्यायला वीस दिवस घेतले आणि सांगितले काय, तर आम्ही तो जप्त केलाच नव्हता! 5 जुलै 2021 रोजी उच्च न्यायालयात जामिनाचे प्रकरण निघाले, तेव्हा ते गेल्याचे डॉक्टरांनीच न्यायाधीशांना सांगितले. ते जिथे गेले, ते वांद्र्याचे होली फॅमिली हॉस्पिटल आपल्याला ओळखीचे आहे. खटला सुरूही झाला नव्हता.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांवर गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप व्हायला जवळपास 11 वर्षे लागली, पण तिथे निदान खून झाला हे सर्वांना मान्य होते. तारखांवर तारखा पडून माणूस गेला की आरोपीच्या पिंजऱ्यात कोणाला उभे करायचे?

जुलै 2025मध्ये राज्याच्या विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. संघटना बेकायदा ठरवण्याचा अधिकार सरकारला, गुन्हे अजामीनपात्र, शिक्षा सात वर्षांपर्यंत. रोख कडव्या डाव्या संघटनांवर आहे, सामान्यांनी घाबरू नये, असे सरकार सांगते. नक्षलवाद्यांची बंदूक आम्हालाही नको. पण हरित वसई समिती आज निघाली असती, तर ती कडवी की साधी, हे मंत्रालयात ठरले असते.

हे संपादकीय जाणार असे कळल्यावर आमच्या एका जुन्या जाहिरातदाराने यंदाचे पान मागे घेतले. त्याच्यावर राग नाही. त्याला दरवर्षी परवान्याचे नूतनीकरण करून घ्यावे लागते.