क्षुल्लक प्रश्नांची देवघेव

गेल्या वर्षीं श्रावणांतील एका दुपारीं नववीच्या वर्गांत समास शिकवीत असतां मागल्या बांकावर कुजबूज ऐकूं आली. आम्हीं जाऊन पाहिलें, तों दोघां विद्यार्थ्यांच्या मध्यें निळ्या पुठ्ठ्याची एक वही उघडी होती. तींत गणित नव्हतें कीं भूगोल नव्हता. होते ते केवळ प्रश्न, आणि तेहि सिनेमाचे, गाण्यांचे, चित्रकथांचे व दूरचित्रवाणीवरील मालिकांचे. आम्हीं ती वही तत्काळ जप्त केली, आणि 'असल्या क्षुल्लक गोष्टी डोक्यांत भरल्यावर समासास जागा राहणार कोठून?' असा एक टोलाहि वर्गाच्या साक्षीनें हाणला. मुलें हंसलीं. ज्याची वही होती तो मात्र हंसला नाहीं.

रात्रीं जेवण झाल्यावर ती वही आम्ही चाळूं लागलों. जप्त मालाची तपासणी करावी, एवढाच हेतु होता. प्रत्येक पानावर डाव्या बाजूस प्रश्न, उजव्या बाजूस उत्तर. प्रश्नापुढें विचारणाऱ्याचें आद्याक्षर आणि उत्तरापुढें तें देणाऱ्याचें. ज्या प्रश्नाचें उत्तर कोणासच देतां आलें नव्हतें, त्याच्या समोरची जागा कोरी. हस्ताक्षरांवरून पाहतां निदान अकरा-बारा हात या वहींत राबले होते, आणि वर्गांत एकमेकांशीं कधीं बोलतांना आम्हीं पाहिलीं नव्हतीं अशीं मुलें येथें एकाच पानावर नांदत होतीं. मधल्या एका पानावर पुढील प्रश्न आढळला : 'प्रभात'च्या 'संत तुकाराम' चित्रपटांतील कोणता अभंग तुकोबांचा नव्हे? समोरची जागा कोरी होती.

प्रथम आम्हांस वाटलें कीं प्रश्नच चुकला असावा. चित्रपट तुकोबांचा, तर अभंग दुसऱ्याचा कसा असेल? तरी मनाला चैन पडेना, म्हणून फडताळांतून गाथा काढली व आठवतील तितके अभंग ताडून पाहूं लागलों. रात्रीचे बारा वाजले. एक अभंग कांहीं केल्या सांपडेना. आणि तो नेमका असा कीं, जो आम्हीं स्वतः कित्येक वर्षें तुकोबांच्या नांवानें फळ्यावर लिहून, अर्थ सांगून, मुलांकडून पाठ करवून घेतला होता! जुन्या चित्रपटांचा व्यासंग असलेल्या एका स्नेह्यानें पुढें उलगडा केला. तो अभंग शांताराम आठवले यांनीं चित्रपटासाठीं रचिलेला आहे. दामले व फत्तेलाल यांनीं दिग्दर्शित केलेला हा बोलपट १९३६ सालचा. १९३७ सालीं व्हेनिस येथील चित्रपट महोत्सवांत त्याचा गौरव झाला. आणि विष्णुपंत पागनीस यांचे तुकोबा लोकांच्या मनांत इतके ठसले कीं, त्या चित्रपटांतील नवा अभंगहि लोकांनीं जुना म्हणूनच आपलासा केला. आठवल्यांच्या लेखणीला याहून मोठी पावती ती कोणती! तो अभंग कोणता, हें आम्ही येथें मुद्दाम सांगत नाहीं. घरीं आजी-आजोबा असतील तर त्यांस विचारावें.

वही परत देतांना आम्हीं वर्गापुढें आपली चूक सांगितली. सांगणें सोपें गेलें नाहीं. आज या पानांतून त्या वहीची बाजू मांडावयास बसलों आहों, तें कांहींसें त्या ऋणाच्या फेडीसाठींच.

पालकांची तक्रार आम्हांस ठाऊक आहे. मुलें नटनट्यांचीं नांवें, गाण्यांचे संगीतकार आणि मालिकांतील पात्रें घडाघडा सांगतात, व सन-सनावळी विचारली म्हणजे गप्प बसतात. हें ज्ञान कोणत्या परीक्षेंत उपयोगीं पडतें, असा प्रश्न आम्हांस पालकसभेंत एकदां सरळच विचारण्यांत आला. उत्तर सरळ आहे : कोणत्याहि नाहीं. परंतु पालकहो, थोडें मागें वळून पाहावें. ३ जुलै २००० रोजीं 'कौन बनेगा करोडपति' सुरू झाल्यावर रात्रीचीं जेवणें कोठें होऊं लागलीं, आणि घास हातांत धरून पडद्याकडे उत्तरें कोण ओरडत होतें? त्याहि मागें, १९५२ पासून रेडिओ सिलोनवर अमीन सयानी यांची 'बिनाका गीतमाला' लागे, तेव्हां कोणतें गाणें या आठवड्यांत कितव्या पायरीवर चढलें याची चर्चा आमच्या वडील पिढीनें चहाच्या कपाबरोबर केलीच कीं. भेद इतकाच कीं, पडद्यावरील प्रश्नास कोटि रुपयांचें आमिष आहे आणि या वहींतील प्रश्नास गोळीचाहि नाहीं. आमच्या मतें ही गोष्ट वहीच्या बाजूचीच धरली पाहिजे.

या छंदाचें इंग्रजी नांव 'ट्रिव्हिया'. लॅटिन भाषेंत त्याचें मूळ 'जेथें तीन वाटा मिळतात तें ठिकाण' असें आहे; म्हणजे आपला तिठा. तिठ्यावर कोणीहि भेटतो आणि काय वाटेल तें बोलतो, म्हणून तेथील बोलणें तें क्षुल्लक, असा अर्थ पुढें त्यास चिकटला. परंतु आजच्या अर्थानें हा खेळ मांडला तो विद्यार्थ्यांनींच. १९६५ सालीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत एड गुडगोल्ड व डॅन कार्लिन्स्की या दोघां विद्यार्थ्यांनीं लहानपणीं ऐकलेल्या रेडिओच्या कार्यक्रमांवर, पाहिलेल्या चित्रपटांवर व वाचलेल्या चित्रकथांवर एकमेकांस प्रश्न घालण्याचा हा परिपाठ विद्यापीठाच्या वृत्तपत्रांतून व स्पर्धांतून रूढ केला, आणि पुढल्याच वर्षीं त्यांचें पुस्तकहि निघालें. त्यांचा एक दंडक आम्हांस फार आवडला. ज्या प्रश्नानें ऐकणाऱ्याचें बालपण जागें होतें तोच खरा प्रश्न. नुसता कोरडा आंकडा विचारणें म्हणजे बागेंतील फूल टाकून तण जपणें, अशी त्यांची भूमिका होती.

हा दंडक लावला तर आमच्या निळ्या वहींतील निम्मे प्रश्न गळतील. अमुक चित्रपटानें पहिल्या आठवड्यांत किती कोटि मिळविले, अमुक नटाच्या मोटारीची किंमत किती, हे प्रश्न जमाखर्चाच्या वहींत शोभतील. उलट हा एक पाहा : 'राजा हरिश्चंद्र' या १९१३ सालच्या मूकपटांत तारामतीचें काम कोणत्या स्त्रीनें केलें? उत्तर, कोणत्याहि स्त्रीनें नाहीं! तें काम अण्णा साळुंके यांनीं केलें. दादासाहेब फाळक्यांना चित्रपटांत काम करावयास स्त्री मिळेना, तेव्हां मुंबईतील एका उपाहारगृहांत काम करणारा हा तरुण त्यांनीं निवडला. आणि याच साळुंक्यांनीं १९१७ सालच्या 'लंकादहन' चित्रपटांत राम व सीता हीं दोन्ही कामें केलीं. मग पहिली स्त्री पडद्यावर आली ती केव्हां, असें मूल आपण होऊन विचारतें. फाळक्यांच्याच 'मोहिनी भस्मासुर' या चित्रपटांत दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई या दोघी मायलेकी आल्या. या कमलाबाई म्हणजे पुढें कमलाबाई गोखले; त्यांचे पुत्र चंद्रकान्त गोखले आणि नातू विक्रम गोखले. २०२२ सालीं विक्रम गोखले निवर्तले तेव्हां ज्यांनीं हळहळ व्यक्त केली, त्यांतील किती जणांस ठाऊक होतें कीं या घराची चौथी पिढी मागें मोजली तर आपण थेट मूकपटाच्या उंबरठ्यावर जाऊन उभे राहतों? एका क्षुल्लक प्रश्नाच्या शेपटास धरून स्त्रीशिक्षण, लोकापवाद, नाटकमंडळ्या असें सारें बाहेर येतें. इतिहासाच्या पुस्तकांत हा धडा असता तर मुलांनीं तो पाठ करून विसरून टाकला असता.

मात्र या खेळांत खरेपणाचें पथ्य कडक पाहिजे, आणि येथें आम्ही मुलांस थोडें रागें भरणार आहों. वहींत 'भारतांतील पहिला चित्रपट कोणता?' असा मोघम प्रश्न आहे. पहिला म्हणजे काय? दादासाहेब तोरणे यांचा 'श्री पुंडलिक' १८ मे १९१२ रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्यें लागला. 'राजा हरिश्चंद्र' त्याच ठिकाणीं जवळजवळ एका वर्षानें, ३ मे १९१३ रोजीं. पहिला हा रंगभूमीवरील नाटकाचें चित्रण, म्हणून पुष्कळ जण त्यास पूर्ण कथापटाचा मान देत नाहींत. दुसरे म्हणतात, चित्रफीत ती चित्रफीतच. दोन्ही पक्षांस बोलूं द्यावें, परंतु प्रश्न घालणारानें आपण काय विचारीत आहों हें आधीं नीट शब्दांत बांधावें. मागील दिवाळींत याच प्रश्नावरून दोघां मित्रांनीं आठ दिवस अबोला धरला होता.

खोटें उत्तर किती चिवट असतें, याची एक गोष्ट अमेरिकेंत घडलेली आहे. फ्रेड वर्थ नांवाच्या लेखकानें असल्याच माहितीचा एक कोश रचिला. आपला मजकूर कोणी उचलला तर पकडतां यावा म्हणून त्यांत त्यानें जाणूनबुजून एक खोटें उत्तर पेरलें : दूरचित्रवाणीवरील प्रसिद्ध पोलिस अधिकारी कोलंबो याचें पहिलें नांव 'फिलिप'. वास्तविक त्या मालिकेंत हें नांव कोणी कधीं उच्चारलेंच नाहीं. पुढें, मॉन्ट्रियलच्या ख्रिस हॅनी व स्कॉट अ‍ॅबट या दोघां पत्रकारांनीं १९७९ सालीं कल्पिलेल्या 'ट्रिव्हियल परस्यूट' या पटावरील खेळांत हाच 'फिलिप' खरें उत्तर म्हणून छापलेला निघाला! वर्थनें १९८४ सालीं ३० कोटि डॉलरांचा दावा लावला. प्रतिपक्षानें त्याचा कोश वापरल्याचें नाकारलें नाहीं. तरी वस्तुस्थितीवर कोणाची मालकी असत नाहीं, असें ठरून दावा फेटाळला गेला. कायद्याचें कसेंहि असो, आमच्या डोळ्यांपुढें येतात तीं असंख्य घरें, जेथें 'फिलिप' म्हणणाऱ्यास गुण मिळाला व 'नांव सांगितलेलेंच नाहीं' म्हणणारा बरोबर असून हरला. ही गोष्ट वर्गांत सांगितल्यावर निळ्या वहींत उत्तरापुढें एक तिसरा रकाना आंखला गेला : कोठून कळलें? तो आंखण्याची सूचना आमची नव्हती, मुलांची होती.

आतां या खेळाची वाईट बाजूहि सांगतों. ती आम्हीं स्वतः पाहिली आहे. यंदा जूनमध्यें सिंधुदुर्गाकडील एका गांवांतून एक मुलगा आमच्या वर्गांत दाखल झाला. वहीवाल्यांनीं त्यास घेरलें, आणि परदेशी चित्रपटांतील उडणाऱ्या वीरांवर एकामागून एक प्रश्न घातले. त्यास एकहि येईना. 'अरे, याला हेंसुद्धां ठाऊक नाहीं!' असा ओरडा झाला. प्रश्न तेच, वही तीच. परंतु देवघेवीचें दार क्षणांत जकातीचा नाका बनलें. पुढें चार-पांच दिवस तो मुलगा डबा घेऊन एकटाच पायरीवर बसे. आम्हीं हें पाहिलें व कांहीं केलें नाहीं. मुलांचें मुलांनीं पाहून घ्यावें, असें मनाला समजाविलें.

शेवटीं त्यानेंच तें पाहून घेतलें. एका मधल्या सुटींत तो आपण होऊन वहीपाशीं आला आणि म्हणाला, "मी एक घालूं? नाटक सुरू व्हायच्या आधीं काळ्या वेषांत एक जण येतो, वेद पळवितो, आणि वर लोकांना हंसवितो. कोण तो?" कोणासच सांगतां येईना. कोणी रावण म्हणालें, कोणी एका परदेशी खलनायकाचें नांव घेतलें. तेव्हां त्यानें सांगितलें, "संकासुर. आमच्या दशावतारांत." आणि केवळ सांगून थांबला नाहीं, तर मालवणी बोलींत संकासुर कसा बोलतो, कसा चालतो, तेंहि करून दाखविलें. देवळापुढें रात्रभर चालणारा तो खेळ त्यानें आजोबांच्या मांडीवर बसून पाहिला होता. सुटी संपल्याची घंटा त्या दिवशीं कोणी ऐकली नाहीं. आम्हांसहि ती थोडी उशिरानेंच ऐकूं आली. त्या पानावर तिसऱ्या रकान्यांत 'आजोबांकडून' असें लिहिलेलें आहे.

हल्लीं कोणत्याहि प्रश्नाचें उत्तर मोबाईलवर क्षणांत मिळतें, मग हा खटाटोप कशास, असें एका पालकांनीं विचारलें. खरें आहे, उत्तर मिळतें. परंतु तुमच्या मुलानें प्रश्न घातला असतां समोरच्याचा चेहरा कसा होतो, तो कोणत्या आठवणींत शिरतो, 'थांब, सांगूं नकोस!' म्हणून हात कसा वर करितो, हें त्या यंत्रांत मिळत नाहीं. घरीं हा खेळ मांडला तर मोबाईल पालथा ठेवावा, असा मुलांचाच नियम आहे. तो थोरांसहि लागू धरावा, अशी त्यांची आमच्यामार्फत विनंति आहे.

ती निळी वही भरली. सध्यां दुसरी, हिरव्या पुठ्ठ्याची, चालू आहे व ती उघडपणें वर्गाच्या कपाटांत असते. समासाच्या तासास मात्र ती बाहेर काढावयाची नाहीं, असा करार झाला आहे. तो बहुतेक पाळला जातो. तिच्या नवव्या पानावर आम्हींहि एक प्रश्न घातला आहे, मराठी बोलपटांतल्या एका जुन्या गाण्याविषयीं. तीन आठवडे झाले, समोरची जागा अद्याप कोरी आहे, आणि मुलें आम्हांस रोज एक जास्त सूचन मागत आहेत.