‘आमचं राज्य लागू करणार नाही’ म्हणजे काय?

२०२०च्या जानेवारीत आमच्या खानदानाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मामूंनी मेसेज टाकला: अमुक राज्य नागरिकत्वाचा नवा कायदा लागू करणार नाही, घाबरू नका. न्यू जर्सीत नोकरी करणाऱ्या चुलतभावाने लगेच दुजोरा दिला, ‘आमच्याकडे तर राज्यं केंद्राला सरळ नाही म्हणतात.’ अम्मीला हायसं वाटलं. अब्बांच्या कागदांवरची नावाची चूक दुरुस्त करायचं पुन्हा मागे पडलं.

भाऊ अमेरिकेबद्दल बरोबर होता. तिथली १७९१ची दहावी घटनादुरुस्ती सांगते, की जे अधिकार घटनेने केंद्राला दिले नाहीत आणि राज्यांना मना केले नाहीत, ते राज्यांचे किंवा जनतेचे. १९९७च्या प्रिंट्झ खटल्यात तिथल्या सुप्रीम कोर्टाने ठरवलं, की बंदूक घेणाऱ्याची चौकशी करा, असा हुकूम केंद्र स्थानिक शेरीफना देऊ शकत नाही. केंद्राने आपला कायदा आपल्या माणसांकडून राबवावा. आज तिथली कित्येक राज्यं आणि शहरं इमिग्रेशनच्या कारवाईला आपले पोलीस देत नाहीत, ती याच तत्त्वाच्या आधारावर.

आपली घटना वेगळी आहे. उरलेले अधिकार आपण राज्यांना नाही, तर कलम २४८ने संसदेला दिले. नागरिकत्व हा विषय केंद्रसूचीतच आहे. शिवाय कलम २५६ म्हणतं, की संसदेच्या कायद्यांचं पालन होईल अशा रीतीने राज्याने आपली सत्ता वापरावी. केरळ विधानसभेने ठराव केला, तिथलं सरकार कलम १३१खाली सुप्रीम कोर्टात गेलं. तो निषेध मोलाचाच होता. पण ठरावाने कायदा थांबत नाही. मार्च २०२४मध्ये नियम आले, तेव्हा अर्जांवर निर्णय घेणाऱ्या समितीच्या प्रमुखपदी जनगणना संचालक, म्हणजे केंद्राचा अधिकारी नेमला गेला. राज्याने नकार दिला तरी काम अडू नये, अशी ही व्यवस्था.

मग अमेरिकेसारखी राज्यं हवीत का? मला तसं वाटत नाही. ‘राज्यांचे हक्क’ हीच ढाल पुढे करून १९५७ साली अर्कान्सासच्या गव्हर्नरने नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना लिटल रॉकच्या शाळेबाहेर अडवलं. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी सैन्य पाठवलं, तेव्हा ती मुलं आत जाऊ शकली. राज्य वाचवतं, तसं चिरडतंही.

आपल्याकडे पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था राज्यसूचीत आहेत. मोहल्ल्यातल्या पोराची तक्रार ठाण्यात लिहून घेतली जात नसेल, तर जाब दिल्लीला नाही, मंत्रालयाला आणि आपल्या आमदाराला विचारायचा. आपण नेमकं उलट करतो. राज्याच्या हातात आहे त्यासाठी दिल्लीच्या नावाने बोटं मोडतो आणि केंद्राच्या हातात आहे त्यासाठी राज्याच्या भरवशावर झोपतो.

दोस्तांनो, केंद्र आणि राज्य दोघांनाही बांधणारी गोष्ट एकच: मूलभूत हक्क. पुढचा फॉरवर्ड पाठवण्याआधी सातवी अनुसूची उघडा आणि विषय कुठल्या सूचीत आहे ते बघा. खोटा दिलासा भीतीइतकाच महाग पडतो. अब्बांचे कागद आम्ही शेवटी दुरुस्त केले. त्या मेसेजनंतर तब्बल दोन वर्षांनी.