बदलीला माणूस द्या

मुंबईत परळच्या हिंदमाताला पाणी भरलं की रस्त्यावर दोन तऱ्हेची माणसं दिसतात. एक, चपला हातात घेऊन घरी निघालेली. दुसरी, एक्स-रेची पिशवी डोक्यावर धरून केईएम नाहीतर टाटा इस्पितळाच्या दिशेने निघालेली. पहिल्यांना रस्ता पाठ असतो, कोणत्या गटाराचं झाकण हलतं तेसुद्धा. दुसरी चिपळूणहून, जळगावहून रात्रभर गाडीत बसून आलेली असतात. पण त्यांना वाट दाखवायला इथे वाटेल तो पुढे येतो. साडीच्या दुकानातला पोऱ्याही पायरीवरून ओरडतो, “काकी, दुभाजक धरून चला, डावीकडे खड्डा आहे.” पाण्यात त्यांची फारशी पंचाईत होत नाही. पंचाईत सुरू होते ती इस्पितळाच्या फाटकाच्या आत.

गेल्या पावसाळ्यात आत्याला घेऊन एका मोठ्या इस्पितळात गेलो होतो. नाव सांगत नाही, कुठलंही असू शकलं असतं. तिची सोनोग्राफी करायची होती. आदल्या दिवशी दाराशी स्टुलावर बसलेल्या आयामावशींना विचारलं, काय खाऊन आणू? “काही नको. पाण्याचा थेंबसुद्धा नको.” सत्तरीची बाई सकाळपासून कोरडी बसून राहिली. साडेअकराला नंबर लागला. आतल्या मुलीने कागद बघितला, यंत्र पोटाला लावलं आणि म्हणाली, “आजी, लघवी साठलेलीच नाही. पाणी पिऊन यायला सांगितलं नव्हतं का?” पोटाच्या सोनोग्राफीला उपाशी यायचं असतं आणि ओटीपोटाच्या सोनोग्राफीला तांब्याभर पाणी पिऊन. पुढची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली.

मी बाहेर येऊन मावशींवर आवाज चढवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. “मला आधीच्या बाईनं सांगितलं तेच मी सांगते, दादा. बारा वर्षं झाली.”

बारा वर्षांत त्यांना कोणी दहा मिनिटं समोर बसवून एवढं सांगितलं नव्हतं. आणि आम्ही इस्पितळांतल्या ‘प्रशिक्षणा’विषयी बोलतो तेव्हा डोळ्यांपुढे काय येतं? सभागृह, फुलांचा गुच्छ, पडद्यावरच्या स्लाइड, मग जेवण. डॉक्टरांना निदान त्याची सक्ती तरी आहे. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडची नोंदणी टिकवायची तर पाच वर्षांत ३० क्रेडिट अवर्स दाखवावे लागतात. त्यातले किती तास खरोखर शिकण्यात जातात आणि किती चहात, हा वेगळ्या लेखाचा विषय. पण केसपेपरच्या खिडकीतला कारकून, वॉर्डबॉय, आया, हमाल, फाटकावरचा रक्षक, म्हणजे रुग्णाला सगळ्यात आधी भेटणारी माणसं, यांची गणती या हिशेबात कुठेच होत नाही.

एका बाबतीत मात्र होते, आणि ती बाब आहे कचरा. २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार प्रत्येक रुग्णालयाने कचरा हाताळणाऱ्या सर्वांना रुजू होताना आणि त्यानंतर वर्षातून किमान एकदा प्रशिक्षण द्यायचं असतं. वार्षिक अहवालात किती जणांना दिलं हे लिहायचं, आणि किती जणांना दिलं नाही हेही. हा दुसरा रकाना ज्याने घातला त्याला मी मानतो. पिवळ्या आणि लाल पिशवीतला फरक न शिकलेल्यांचा आकडा सरकार मागतं. पोट आणि ओटीपोट यातला फरक न शिकलेल्यांचा कोणी मागत नाही.

न शिकवण्याची किंमत दर वेळी तीन आठवड्यांवर भागते असंही नाही. २७ जानेवारी २०१८ला नायर रुग्णालयात ३२ वर्षांचा एक तरुण नातेवाइकाच्या एमआरआयसाठी सोबत आला होता. ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन तो खोलीत शिरला, चुंबकाने सिलिंडरसकट त्याला ओढलं आणि त्यात तो गेला. यंत्र बंद आहे, आत घेऊन या, असं वॉर्डबॉयने सांगितल्याचं घरच्यांचं म्हणणं होतं. पोलिसांत गुन्हा दाखल झाला. दोष कोणाचा हे ठरवणं माझं काम नाही. मला एवढंच विचारायचंय, की एमआरआयचं चुंबक तपासणी चालू नसतानाही चालूच असतं, रात्री दाराला कुलूप लावून घरी गेलात तरी चालूच असतं, हे ट्रॉली ढकलणाऱ्या किती जणांना कोणी सांगितलंय? डॉक्टरला ठाऊक असतं, टेक्निशियनला ठाऊक असतं. खोलीच्या दारापर्यंत रुग्णाला आणणारा मात्र तिसराच असतो.

वाट दाखवणं हे शिकण्याचं काम आहे, हे आमच्या शेजारच्या टाटा मेमोरियलला उमगलेलं दिसतं. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसच्या साथीने त्यांनी २०१८च्या सुमारास वर्षभराचा एक पदविका अभ्यासक्रम काढला. नाव ‘केवट’, रामाला गंगेपार नेणारा तो नावाडी. कॅन्सरच्या रुग्णाला कुठली खिडकी आधी, कुठली नंतर, तपासणीला काय खाऊन यायचं, मदतीचा अर्ज कुठे करायचा, गावी परत कधी जायचं, हे सांगत उपचारांतून पार नेणारा माणूस घडवायचा. मूळ कल्पना न्यूयॉर्कच्या हार्लेममधली. हॅरल्ड फ्रीमन या शल्यविशारदाने १९९० साली ती तिथल्या गरीब स्त्रियांसाठी सुरू केली, कारण स्तनाचा कॅन्सर असलेल्या बायका त्याच्यापर्यंत पोचत तेव्हा फार उशीर झालेला असे. हिंदमाताला तुंबलेलं पाणी बघताना ‘केवट’ हे नाव मला फार आवडतं. पण दर दाराशी वर्षभर शिकलेला केवट बसवणं कुठल्याच महापालिकेला परवडायचं नाही. स्टुलावरची आयामावशी तिथे आहेच. लोक तिलाच विचारतात.

मग तिला का शिकवत नाहीत? मी तीन परिसेविकांना विचारलं. तिघींचं उत्तर एकच आलं: सोडायचं कोणाला? आया तासभर वर्गात बसली तर वॉर्डात बेडपॅन कोण देणार? प्रशिक्षणाला पैसा नाही असं कोणी म्हणालं नाही. माणूस नाही, असं म्हणाल्या.

लालबाग-परळच्या जुन्या माणसांना याचं उत्तर सांगावं लागू नये. गिरणीत खात्यातला कामगार आला नाही तर साचा थांबत नसे. बदली कार्डवाला सकाळीच फाटकाशी येऊन उभा असे. त्या पद्धतीत अन्याय पुष्कळ होता, वर्षानुवर्षं बदलीतच राहिलेली माणसं मी बघितली आहेत. पण जागेवरचा माणूस हलला तर त्याची जागा भरायची असते, एवढं मालकांना कळत होतं. रुग्णालयांच्या प्रशिक्षणाच्या तरतुदीत सभागृह असतं, वक्त्याचं मानधन असतं, बदलीच्या माणसाचा रोज नसतो. तो घाला. सभागृह नाही मिळालं तरी चालेल. दुपारी दोननंतर ओपीडी ओसरते तेव्हा वॉर्डातल्या वॉर्डात, उभ्या उभ्या अर्धा तास पुरतो.

हे ठरवणाऱ्या खुर्चीलाही कोणी शिकवलेलं नसतं, हा आणखी एक घोळ. केईएम १९२६ साली उभं राहिलं तेव्हा पहिले अधिष्ठाता होते डॉ. जीवराज मेहता, जे पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. रुग्णालय चालवता चालवता राज्य चालवण्याइतका हात बसलेला माणूस दर वेळी मिळत नाही. एरवी उत्तम शल्यचिकित्सक ज्येष्ठतेने वर जातो आणि एका सोमवारी त्याच्यापुढे ड्युटीचे तक्ते, निविदा आणि तुंबलेला ड्रेनेज येऊन पडतो. इस्पितळ प्रशासनाची पदवी देणाऱ्या संस्था मुंबईत आहेत. त्यांची मुलं शिकून बहुतेक खासगी रुग्णालयांत जातात, आणि त्यांना मी तरी दोष देणार नाही.

तीन आठवड्यांनी आत्याला पाणी पाजून पुन्हा घेऊन गेलो. मावशी त्याच स्टुलावर होत्या. एका माणसाने विचारलं, बायकोला काय खाऊन आणू. त्यांनी हात पुढे केला. “कागद दाखवा आधी. पोट आहे की ओटीपोट?” मग माझ्याकडे बघून हसल्या. आता सगळ्यांना असंच विचारता का, म्हटलं. “मी विचारते. संध्याकाळच्या बाईलाही सांगितलंय,” त्या म्हणाल्या. “पलीकडच्या दाराशी असते ती मुलगी कंत्राटातली. दर महिन्याला नवी येते. तिला किती वेळा सांगू?”