दहा गुंठे ढोरांसाठी सोडा



ऊस विकास अधिकाऱ्यानं ‘ऊस थोडा कमी लावा’ म्हणावं, याचं काहींना नवल वाटेल. तरीही लिहितो. ज्यांच्या गोठ्यात दोन दुभती जनावरं आहेत, अशा सभासदांनी ओलितातले दहा गुंठे उसातून काढून संकरित नेपियरला, म्हणजे आपल्या बोलीतल्या हत्तीगवताला द्यावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

उमरखेड, महागाव, पुसद भागात ज्वारी मागं पडली आणि सोयाबीन आलं. कडब्याच्या गंजीच्या जागी कुटार आलं. कुटारानं पोट भरतं, पण दूध वाढत नाही. दसरा सरला, धुऱ्यावरचं गवत वाळलं, की मग हिरव्यासाठी माणूस उभ्या उसात शिरतो आणि रोज भाराभर हिरवी पानं ओरबाडून आणतो. खालचं वाळलेलं पाचट काढायला कोणाचीच हरकत नाही. पण शेंड्याकडची आठ-दहा हिरवी पानं म्हणजे उसाची चूल. साखर तिथं शिजते आणि मग कांड्यात उतरते. ऐन पक्वतेच्या वेळी आपण ही चूलच मोडतो. वजन घटतं ते एकट्याचं, पण उतारा घटतो तो सगळ्यांचा. आणि एफआरपी ठरते ती कारखान्याच्या उताऱ्यावर, हे सभासदांना सांगायला नको.

कोणी म्हणेल, हंगामात वाढे मिळतातच की. मिळतात, पण रिवाजानं ते तोडणाऱ्याचे. बैलबंडीवाल्याची जोडी त्याच्यावरच जगते. आपल्याच जिल्ह्यातल्या तांड्यांवरची माणसं कोयता घेऊन परमुलखात जातात. तिथं त्यांच्या वाढ्यांवर कोणी हात टाकला तर आपल्याला कसं वाटेल? चार पेंढ्यांवरून फडात तंटे होतात आणि तोड खोळंबते. शिवाय जिथं हार्वेस्टर यंत्र लागतं, तिथं शेंडे कातरून वावरातच पसरतात, हाती काही येत नाही. आणि नुसत्या वाढ्यांवर जनावर ठेवलं तर त्यातलं ऑक्झॅलेट अंगातला कॅल्शियम ओढतं. दूध तुटतं, गाय वेळेवर फळत नाही. वाढे घालायचेच तर त्यावर चुन्याची निवळी शिंपडा.

हे हत्तीगवत मूळ आफ्रिकेचं. ‘नेपियर’ हे नाव बुलावायोच्या एका कर्नलवरून पडलं. आपण लावतो तो त्याचा बाजरीशी केलेला संकर. ‘हे गवत सगळ्या वावरात पसरेल’ असं काहीजण म्हणतात, त्यांची भीती व्यर्थ आहे. या संकराला उगवणारं बी धरतच नाही. कुंद्या-हरळीसारखं ते मागं लागत नाही. लागवड उसासारखीच, कांडीनं. ऊस लावणाऱ्याला त्यात शिकण्यासारखं फारसं काही नाही.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे यशवंत आणि फुले जयवंत हे वाण चांगले. तीन-चार महिन्यांच्या जून ताटाची दोन डोळ्यांची कांडी घ्या. एक डोळा मातीत, एक वर. अंतर तीन फूट बाय दोन फूट. गुंठ्याला साधारण १८० कांड्या लागतात. आपल्या भारी काळ्या जमिनीत पाणी साचलं की मुळ्या कुजतात, म्हणून सपाटीवर न लावता सरीच्या बगलेला लावा. लागण फेब्रुवारी-मार्चात किंवा पावसाच्या सुरुवातीला. दहा गुंठ्यांना दोन-तीन बंड्या शेणखत आधी घाला. उसाच्या सरीला मात्र चिकटून लावू नका. सावली पडते आणि मुळ्या उसाचं खातात. गोठ्याजवळचा, विहिरीच्या पाटाचं पाणी जाणारा तुकडा सर्वात बरा. रोही येतात त्या कडेला लावाल तर रोहीच कापणी करतील!

पहिली कापणी ६० ते ७० दिवसांनी, पुढे दर सहा-सात आठवड्यांनी. जमिनीपासून वीतभर वर कापा. अगदी बुडातून कापलं की फुटवे मरतात. त्याच्या उलट, काही घरी गवत पुरुषभर वाढू देतात; मग ताट लाकूड होतं आणि जनावर नुसतं पान खाऊन बाकीचं तुडवतं. दर कापणीनंतर पाणी आणि गुंठ्याला अर्धा किलो युरिया. असं राखलं तर एक लागण तीन-चार वर्षं चालते.

आता हिशेब. एका जनावराला रोज १५ किलो हिरवं धरलं, तर वर्षाला साडेपाच टन. हात राखून धरलं तरी गुंठ्याला टन-दीड टन गवत निघतं. म्हणजे जनावरामागे चार ते साडेपाच गुंठे, दोघांना मिळून दहा.

पाण्याचा प्रश्न खरा आहे. उन्हाळ्यात या गवताला आठ-दहा दिवसांनी पाणी लागतंच आणि कालव्याची पाळी आपल्या हातात नसते. म्हणूनच मी ‘उसाशिवाय आणखी दहा गुंठे’ म्हणत नाही, ‘उसातले दहा गुंठे’ म्हणतो. उरलेल्या उसाची पानं शाबूत राहिली, तर या दहा गुंठ्यांची तूट कितीशी भरून निघते, ते वजनकाट्यावर पाहा.

नेपियरमध्येही ऑक्झॅलेट असतं, हे लपवत नाही. तेव्हा कुट्टी करून त्यात बरबटी किंवा लसूणघास मिसळा, सोबत सरकीची ढेप द्या. आणि ज्यांच्याकडे आधीच ठोंब आहेत त्यांनी शेजाऱ्याला कांड्या द्याव्यात, पैसे मागू नयेत. चार सऱ्यांच्या बेण्यात शेजाऱ्याचे दहा गुंठे होतात.