संगणकांतील अडगळ काढावी काय ?

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतींत ज्यांचे लहानमोठे कारखाने आहेत असे आपल्या सोसायटीचे सभासद आतां थोडेथोडके नाहींत. बापाची शेती उसाची आणि मुलाची भट्टी बिडाची, अशीं घरें हातकणंगले तालुक्यांत गांवोगांव सांपडतात. त्यांपैकीं एका सभासदानें गेल्या महिन्यांत आम्हांस विचारलें, "कचेरींतले संगणक भरत आले आहेत. पोरांना दोन-चार दिवस बसवून जुनें सारें काढून टाकावें म्हणतों. भाऊसाहेब, तुम्ही जन्मभर दप्तर सांभाळलेंत, तुमचें मत काय ?" शेतीच्या मासिकांत हा विषय कशाला, असें कोणी म्हणेल. परंतु खताच्या उधारीचें खातें काय किंवा उसाच्या बिलाचा हिशेब काय, सारें आतां त्याच पेटींत जाऊन बसलें आहे. तेव्हां हा प्रश्न शेतकऱ्यास परका नव्हे.

आमचें शिक्षण मराठी शाळेंतलें, आणि संगणक आमच्या हातीं आला तो चाळिशी जवळ आल्यावर. यंत्राच्या पोटांतील विद्या आम्हांस नाहीं. पण कारकुनास वेळेचा हिशेब कळतो, आणि आमच्या मतें या प्रश्नाचा निम्मा निकाल त्या हिशेबांतच आहे.

समजा, कचेरींतील मुलास दरमहा १८,००० रुपये पगार आहे. महिन्याचे २५ दिवस व दिवसाचे ८ तास धरल्यास तासास ९० रुपये पडतात. त्यानें तीन दिवस एकेक फाईल उघडून पाहिली व ४० जी. बी. जागा मोकळी केली, तर २,१६० रुपये खर्च झाले. उलट १,००० जी. बी. ची नवी डिस्क पांच हजारांस पडली असें धरलें, तरी तेवढ्याच जागेचें मोल २०० रुपये होतें. म्हणजे दोनशेंची जागा वांचविण्यास आपण दोन हजारांवर रुपये घातले. जागा महाग होती तो काळ निराळा. १९५६ सालीं आय. बी. एम. कंपनीनें काढलेल्या पहिल्या डिस्क-यंत्रांत सुमारें पन्नास लाख अक्षरें मावत, आणि तें यंत्र कपाटांहून मोठें व सुमारें एक टन वजनाचें होतें. तेव्हां अक्षर अक्षर खोडणें शहाणपणाचें होतें. आज मोबाईलवर काढलेलें दसऱ्याच्या यंत्रपूजेचें एक चलचित्र त्याहून कितीतरी पट जागा खातें, आणि तें मात्र कोणी पुसत नाहीं !

तर मग कांहींच काढूं नये काय ? तसें आमचें म्हणणें नाहीं. यंत्रानें स्वतः केलेला कचरा अवश्य काढावा. तात्पुरत्या फायली, विंडोजची नवी आवृत्ति बसल्यावर मागें उरलेली जुनी आवृत्ति, कचरापेटींत महिनोन् महिने पडलेला माल, हें सारें काढण्याची सोय विंडोजमध्यें आहेच. पंधरा मिनिटांचें काम आहे, म्हणजे वरच्याच दरानें साडेबावीस रुपयांचें. ज्या डिस्कवर विंडोज बसलेलें आहे ती कांठोकांठ भरली तर नवीं सुधारणा-पत्रकें बसत नाहींत, स्मृतीस लागणारी जास्तीची जागा मिळत नाहीं, आणि ऐन बिल करतांना फाईल अर्धवट लिहिली जाण्याचा संभव असतो. तेव्हां सातवा-आठवा हिस्सा तरी मोकळा ठेवावा. मात्र निम्मी डिस्क रिकामी असतां आणखी झाडल्यानें यंत्र वेगानें चालेल, ही समजूत खोटी आहे. येथें एक सावधगिरी सांगणें अवश्य आहे. त्या साफसफाईच्या यादींत 'डाउनलोड' नांवाच्या कप्प्याचाही चौकोन असतो, आणि आपल्याकडील मुलें बँकेचे उतारे व मालवाहतुकीचीं ई-वे बिलें बहुधा तेथेंच ठेवून देतात. त्या चौकोनांत चुकून खूण पडली तर काय होईल, हें सांगावयास नको.

खरा प्रश्न माणसांनीं केलेल्या कागदांचा आहे. महसुलाच्या दप्तरांत कागद पुसावा कीं ठेवावा हें कोणी लहरीवर ठरवीत नसे. प्रकरण निकालीं निघालें कीं त्यास वर्ग लागे : 'अ' कायमचा, 'ब' तीस वर्षांचा, 'क' दहा वर्षांचा, 'क-१' पांच वर्षांचा आणि 'ड' एका वर्षाचा. मुदत भरली कीं यादी करावयाची, वरिष्ठांची सही घ्यावयाची, आणि मगच कागद नष्ट करावयाचा. नवशिके कारकून या कटकटीस हंसत, आम्हीही हंसलों असूं. पण २०२३ सालीं न्यायमूर्ति शिंदे समितीच्या कामासाठीं कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हां जिल्ह्याजिल्ह्यांतून जुने रुमाल सुटले, मोडी वाचणाऱ्यांस बोलावणीं गेलीं, आणि ज्या कागदांकडे पिढ्यान् पिढ्या कोणी पाहिलें नव्हतें त्यांची किंमत कळून आली. त्यांस वर्ग लागलेला होता म्हणूनच ते शिल्लक होते.

आतां आमच्याच घरची गोष्ट सांगतों. आमच्या पुतण्याचा शिरोलीस पंपांचे भाग ओतण्याचा लहानसा कारखाना आहे, आणि निवृत्तीनंतर तेथील कागदपत्रें आम्ही पाहतों. भट्टींतून रस निघाला कीं प्रत्येक वेळच्या रसास क्रमांक पडतो. त्यांत कार्बन किती, सिलिकॉन किती, याची तपासणी होऊन ती त्या क्रमांकावर नोंदली जाते, आणि कास्टिंगवरही तोच क्रमांक उठतो. जमिनीस जसा गट-नंबर तसा हा. दोन वर्षांपूर्वीं संगणक अडकूं लागला म्हणून दुरुस्तीस बाहेरचा एक गृहस्थ बोलाविला. "जुनें काढूं का ?" असें त्यानें विचारलें, आणि "काढा" म्हणून आम्हींच सांगितलें. 'जुनें २' या नांवाच्या कप्प्यांत तीन वर्षांच्या तपासण्या होत्या, हें आम्हांस ठाऊक नव्हतें, आणि त्यास तें ठाऊक असण्याचें कारणच नव्हतें. पुढें सात महिन्यांनीं एका गिऱ्हाइकाकडे पंपाचें कवच तडकलें. त्यानें क्रमांक कळवून तपासणी मागितली. माल चांगला होता असा पुतण्याचा आजही विश्वास आहे, पण विश्वास कागदावर दाखवितां येत नाहीं. सारा हप्ता परत आला, पदरचा खर्च झाला, आणि तें गिऱ्हाईक पुन्हां आलें नाहीं. पुतण्या आम्हांस एक शब्दही बोलला नाहीं. बोलला असता तर बरें वाटलें असतें.

तेव्हांपासून आम्हीं कारखान्याच्या कागदांसही वर्ग लाविले. नकाशे, पॅटर्नच्या नोंदी व रसाच्या तपासण्या 'अ' मध्यें. हिशेब व बिलें कायद्याच्या मुदतीचीं : वस्तु व सेवा कराच्या कायद्याप्रमाणें वार्षिक विवरण भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने, आणि कारखाना कंपनी म्हणून नोंदलेला असेल तर २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणें ८ वर्षें. अपील चालू असेल तर तें संपेपर्यंत हात लावावयाचा नाहीं. दरपत्रकांचे कच्चे मसुदे, एकाच फाईलीच्या चार-चार नकला, यंत्रपूजेचीं चलचित्रें, हीं 'ड' मध्यें. वर्ग लावण्यास आठवडा गेला. तो वेळ जागेच्या हिशेबांत आम्ही धरीत नाहीं, कारण कागद मिळण्याचा तो खर्च आहे. 'ड' मधील मोठ्या फायली आकारानें लावून प्रथम काढल्या, तेवढ्यानेंच पुष्कळ जागा झाली. बारीक पत्रांच्या वाटेस आम्ही गेलों नाहीं.

पुसण्याआधीं नक्कल ठेवावी हें सर्वच सांगतात. पण नक्कल उघडते कीं नाहीं हें कोणी पाहत नाहीं. संगणकाचा धंदाच करणाऱ्या गिटलॅब नांवाच्या कंपनींत ३१ जानेवारी २०१७ रोजीं रात्रीं एका कर्मचाऱ्यानें चुकून भलत्याच यंत्रावरील कप्पा पुसला. सुमारें तीनशें जी. बी. पैकीं साडेचार उरले. नक्कल ठेवण्याच्या पांच तऱ्हा होत्या, पण ऐन वेळीं त्या जशा चालावयास हव्या होत्या तशी एकही चालली नाहीं. सुदैवानें सहा तासांपूर्वींची एक प्रत हातीं लागली, म्हणून निभावलें. शिवाय आपल्याकडे पंचगंगा आहे. ऑगस्ट २०१९ मध्यें व पुन्हां जुलै २०२१ मध्यें शिरोलीजवळ महामार्गावर पाणी येऊन वाहतूक बंद पडली होती. कारखान्यांतील नक्कल कारखान्यांतच ठेवली, तर रस्ता बंद झाल्यावर तिचा काय उपयोग ? म्हणून आमच्या दोन डिस्का आहेत : एक कचेरींत, दुसरी दर शनिवारीं पुतण्याबरोबर गांवांतील घरीं जाते.

त्या सभासदास आम्हीं कळविलें आहे कीं, यंत्राचा कचरा आजच काढा, नवी डिस्क घ्या, आणि पोरांना जुन्या फायलींवर तूर्त बसवूं नका. वर्ग लावण्याचें काम येत्या शनिवारीं त्यांच्या कचेरींत बसून आम्ही त्यांच्या मुलांबरोबर सुरू करणार आहों. ज्या इतर सभासदांस तें पाहावयाचें असेल त्यांनीं दुपारीं दोनच्या पुढें यावें.