खाल्ल्या मिठाचे तास

आपल्या इंदूरच्या जुन्या मराठी घरांतून अलीकडे एक नवीनच खंत ऐकू येऊ लागली आहे. घरातला मुलगा, लेक किंवा सून माडीवरच्या खोलीत बसून पुण्याच्या नाहीतर बंगळूरच्या कंपनीचे काम करीत असते. नेमणुकीच्या कागदावर रोजचे नऊ तास लिहिलेले असतात. पण हात चालता, डोके तरतरीत. दुपारी तीनच्या सुमारास दिवसाचे काम हातावेगळे होऊन जाते. काम वेळेवर आहे, वरिष्ठ समाधानी आहेत, तक्रार कोणाचीच नाही. तरी पगाराच्या तारखेला मनाला टोचणी लागते: हा सगळा पैसा आपल्या हक्काचा आहे का?

घरातल्या वडीलधाऱ्यांकडे या प्रश्नाची दोन ठरलेली उत्तरे असतात. आजोबा म्हणतात, "खाल्ल्या मिठाला जागावे, नऊ म्हणजे नऊ." काका म्हणतात, "कंपनी तरी कोणता धर्म पाळते? गप्प राहा आणि पगार घे." पहिले उत्तर मुलाला खुर्चीला जखडून ठेवते, दुसरे त्याला निगरगट्ट करते. आमच्या मते दोन्ही उत्तरे चुकतात. ही खंत थट्टेवारी नेण्याजोगी नाही आणि जशीच्या तशी मान्य करण्याजोगीही नाही. तिच्यातले धान्य कोणते आणि खडे कोणते, ते निवडून घेतले पाहिजे.

प्रथम मिठाचा विचार करू. आपल्यापैकी बहुतेकांचे पूर्वज होळकरशाहीच्या चाकरीनिमित्त माळव्यात आले आणि येथलेच होऊन राहिले. फडणिशी, कारकुनी, कमावीस या शब्दांवर आपली घरे उभी राहिली. तेव्हा धन्याशी इमान ही गोष्ट आपल्या रक्तात भिनलेली आहे. प्रश्न एवढाच, की ते इमान मोजावयाचे कशाने?

याचा एक दाखला आपल्या अगदी जवळचा आहे. सर जॉन माल्कम याने १८२३ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य हिंदुस्थानावरील ग्रंथात अहिल्याबाईंचा दिनक्रम दिला आहे. पहाटेपूर्वी उठणे, पूजाअर्चा, पुराणश्रवण, दानधर्म, भोजन, थोडी विश्रांती. मग दुपारी दोनच्या सुमारास दरबारात येणे आणि सायंकाळी सहापर्यंत कामकाज पाहणे. त्यानंतर दोन-तीन तास पुन्हा देवाधर्माकडे व अल्प आहाराकडे. आणि नऊपासून अकरापर्यंत परत राज्याचे काम. बेरीज केली तर दरबारचे तास भरतात सहा. आजच्या नऊ तासांच्या करारावर बाईंना बसवले, तर त्यांच्या नावावर रोज तीन तासांची तूट निघेल! १७६७ ते १७९५ या त्यांच्या कारकिर्दीत माळव्याला जे स्वास्थ्य लाभले, ते त्या सहा तासांतून लाभले. आपल्या हातून होणाऱ्या सत्तेच्या प्रत्येक वापराबद्दल ईश्वराला जाब द्यावयाचा आहे, अशी त्यांची धारणा होती, असे माल्कमच सांगतो.

राज्यकर्त्याची आणि नोकरदाराची तुलना कशी करता, असे कोणी विचारील. शंका रास्त आहे. बाईंची हजेरी मांडणारा कोणी नव्हता. पण म्हणूनच तो दाखला घेण्याजोगा वाटतो. हजेरी मागणारा कोणी नसताना सचोटीचा माणूस स्वतःला कशाचा जाब विचारतो, हे त्यात दिसते. तो विचारतो, माझ्याकडे सोपवलेले काम पुरे झाले का, आणि माझ्या हातून कोणाचे नुकसान तर झाले नाही ना?

मग हा तास आपल्या मनात एवढा खोल कसा रुतला? आमच्या समजुतीप्रमाणे तो गिरणीच्या भोंग्यातून आला. मालवा, हुकुमचंद, स्वदेशी, राजकुमार या गिरण्यांच्या भोंग्यांवर एके काळी हे शहर उठत-बसत होते. गिरणीचे यंत्र एकदा फिरू लागले की शेकडो माणसे एकाच वेळी आपापल्या जागी असावी लागतात; तेथे तासाला पर्याय नव्हता. पण त्या तासांचा आकडा कोणी मागितला आणि कशासाठी, हे आपण विसरलो आहोत. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम चाले. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १८९० च्या जून महिन्यात कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. १९११ च्या कायद्याने कापडगिरणीतील प्रौढ पुरुषांसाठी दिवसाला बारा तासांची हद्द घातली. १९२२ साली ती अकरावर आणि आठवड्याला साठावर आली. १९३४ साली दिवसाला दहा आणि आठवड्याला चोपन्न झाली. आणि १९४८ च्या कायद्यात आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांवर स्थिरावली. स्वातंत्र्यापूर्वीचे हे कायदे ब्रिटिश हद्दीतले. संस्थानांचे कायदे आपापले होते. पण वाऱ्याची दिशा सर्वत्र तीच होती.

या सगळ्या इतिहासात तासांचा आकडा हा मालकाला घातलेला बांध आहे. "याच्यापुढे माझा दिवस माझ्या घरचा," असे कामगार त्या आकड्यातून सांगत होता. दीडशे वर्षांनंतर तोच आकडा त्याच्या पणतूच्या मनात उलटा होऊन बसला आहे. जी कमाल मर्यादा म्हणून भांडून मिळवली, ती किमान देणे म्हणून छळू लागली आहे.

हा गुंता सोडवावयास आपल्या आजीचे व्यवहारज्ञान पुरेसे आहे. घराला रंग द्यावयाचा असला की ती पहिला प्रश्न विचारी, "रोजाने की उक्ते?" रोजाने माणूस लावला तर त्याचा दिवस आपण विकत घेतला, तो झाडाखाली विडी ओढत बसला तर त्याला हाक मारण्याचा आपल्याला अधिकार. उक्ते काम दिले तर सगळ्या कामाची रक्कम ठरली; रंगाऱ्याने तीन दिवसांचे काम दोन दिवसांत नीट केले, तर आजी त्याला पुरे पैसे देई आणि वर चहाही पाजी. तिसऱ्या दिवसाचे पैसे कापून घ्यावेत, असे तिच्या मनातही येत नसे.

आजच्या टेबलावरच्या नोकरीची गोम अशी, की तिचा कागद रोजाचा आणि व्यवहार उक्त्याचा असतो. काम अंगावर आले की रात्रीचे बारा वाजतात, आणि त्या जादा तासांचे बहुतेक ठिकाणी कोणी काही देत नाही. तेव्हा ते उक्ते असते. काम पाच तासांत आटोपले की मात्र आपल्याच मनात रोजाचा कागद फडफडू लागतो. म्हणून खंत करण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या नोकरीची जात ओळखावी.

काही नोकऱ्या निखालस रोजाच्या असतात, कारण तेथे हजर असणे हेच काम असते. अग्निशामक केंद्रात दिवसभर आगीची वर्दी आली नाही, म्हणून जवानाचा पगार हरामाचा होत नाही. पण तो न सांगता तासभर घरी जाऊन आला, तर आग न लागताही चोरी झाली. रुग्णालयातील परिचारिका, रेल्वेचा फाटकवाला, वर्गावरचा शिक्षक यांचे असेच. येथे टोचणी लागली तर ती खरी समजावी आणि मुकाट्याने जागेवर जावे.

दुसऱ्या नोकऱ्यांत तासाचे बिल तिसऱ्याला जाते. वकील, हिशेबतपासनीस, कित्येक संगणक कंपन्या आपल्या गिऱ्हाइकाकडून तासाप्रमाणे पैसे घेतात. तेथे पाच तास काम करून कागदावर आठ लिहिले, तर ती लबाडीच. मग ते काम कितीही सुरेख झालेले असो. वरिष्ठाने डोळा मारून तसे लिहावयास सांगितले, तरी सही आपली असते, हे विसरू नये.

या दोन्ही प्रकारांत न बसणाऱ्या नोकऱ्या आज पुष्कळ झाल्या आहेत, आणि बहुतेक खंत तेथूनच येते. अशा ठिकाणी कमी तासांत काम संपणे हा दोष नव्हे. दोष पुढे सुरू होतो, टोचणी शमवण्यासाठी माणूस जेव्हा तास भरू लागतो तेव्हा. झालेले काम पुन्हा उघडावयाचे, दोन ओळींच्या पत्राला दहा ओळी करावयाच्या, ज्या बैठकीत आपले काही अडत नाही तेथे जाऊन मान डोलवावयाची. आपली मराठी भाषा याबाबतीत फार शहाणी आहे. तिने अंगचोर म्हटले, कामचुकार म्हटले, कामचोर म्हटले. चोरी मोजली ती अंगाची आणि कामाची. आणि वेळेवरून तिने जो दोष सांगितला तो वेळकाढूपणाचा, म्हणजे काम करीत असल्याचे सोंग आणून घटका ढकलण्याचा. खंत करणारा प्रामाणिक मुलगा खुर्चीत बसून नेमके तेच करू लागतो आणि त्याला वाटते की आपले देणे फिटले!

या सोंगाची गंमत पार्किन्सन नावाच्या इंग्रज इतिहासकाराने १९५५ साली 'इकॉनॉमिस्ट' या साप्ताहिकात उघड केली. काम हे उपलब्ध वेळेइतके फुगत जाते, हा त्याचा सिद्धांत. ब्रिटिश आरमारातील मोठी लढाऊ जहाजे १९१४ ते १९२८ या काळात बासष्टावरून विसावर आली. पण आरमार-कचेरीतील अधिकारी दोन हजारांवरून साडेतीन हजारांच्या वर गेले, हे आकडे त्याने पुढे मांडले. आज सोंग माणसाने आणण्याचीही गरज उरलेली नाही. संगणकाचा उंदीर आपोआप हलत ठेवणारी साधने बाजारात मिळतात. २०२४ साली वेल्स फार्गो या अमेरिकन बँकेने कळफलक चालू असल्याचा आभास निर्माण केल्याबद्दल डझनभरांहून अधिक नोकरांना काढून टाकले. काम पाहण्याऐवजी हालचाल पाहणारा मालक आणि कामाऐवजी हालचाल दाखवणारा नोकर, यांचे हे जोडपे एकमेकांना शोभणारे आहे.

तर मग मुलाने करावे काय? आमचे उत्तर साधे आहे, पण सोपे नाही: सांगावे. वरिष्ठापाशी जाऊन म्हणावे, "दिलेले काम मी इतक्या वेळात करतो; उरलेला वेळ कसा वापरू?" हे सांगितले की टोचणीतले खोटेपण गळून पडते. कारण उरलेल्या तासांपेक्षा त्यांच्याबद्दल राखलेले मौन अधिक टोचत असते. कळवूनही वरिष्ठ म्हणाले, "काम झाले ना? मग ठीक," तर ते उक्ते काम झाले, उरलेला वेळ अभ्यासाला, वडिलांच्या औषधपाण्याला, पेटीच्या रियाजाला निःशंक द्यावा.

यात धोका आहे, हे आम्ही लपवीत नाही. पुष्कळ ठिकाणी लवकर काम संपवणाऱ्याला बक्षीस म्हणून दुसऱ्याचे काम मिळते, पगार तेवढाच राहतो. कुठे कुठे "या जागेची गरजच नाही" असाही निष्कर्ष निघतो. ज्याच्या शिरावर घराचा हप्ता आहे, त्याला जाऊन सत्य सांग म्हणणे आमच्यासारख्या लेखणी चालवणाऱ्याला सोपे. म्हणून दोष निम्मा मालकाच्या पदरात घातला पाहिजे. जो मालक चपळाईला शिक्षा देतो, तो आपल्या कचेरीत वेळकाढूपणाची शाळाच चालवतो. त्याला खरे ऐकावयाचे असेल, तर खरे सांगणाऱ्याचे नुकसान होणार नाही, हे आधी त्याने दाखवले पाहिजे.

आणि मिठाला जागण्याचे बंधन दोघांना आहे, हेही आपल्या शहराने पाहिले आहे. हुकुमचंद मिल बंद पडल्यावर कामगारांच्या घामाचे पैसे अडकले ते तीन दशके. २५ डिसेंबर २०२३ रोजी सुमारे ४,८०० कामगारांच्या थकबाकीपोटी २२४ कोटी रुपयांचा धनादेश दिला गेला, तेव्हा त्यांतले कितीतरी हात तो घ्यावयास उरले नव्हते. त्यांनी तास पुरे भरले होते. एवढी वर्षे त्या न दिलेल्या पैशाची टोचणी कोणाला लागली असेल? मालकाच्या या वागण्याने नोकराची लबाडी धुऊन निघत नाही, म्हणून काकांचा सल्ला आम्हाला मान्य नाही. पण तीन तास लवकर मोकळ्या झालेल्या मुलीने स्वतःला चोर म्हणवून घ्यावे, हेही या हिशेबात बसत नाही.

तेव्हा वडीलधाऱ्यांनी पुढच्या खेपेस घरातल्या तरुणाला "किती तास बसलास?" असे विचारू नये. हाती घेतलेले काम चोख झाले का, त्याच्या भरवशावर असलेल्या कोणाचे अडले का, आणि कागदावर लिहिले ते खरे आहे का, एवढेच विचारावे. या तिन्हींची उत्तरे नीट आली, तर त्या मुलाने मीठ इमानाने खाल्ले आहे. मग घड्याळात तीन वाजलेले असोत की सहा.